पावाची पारख : पणजी ते साष्टी

गोव्याची वर्णने बहुधा समुद्रापासून सुरू होतात, मंगेशी-शांतादुर्गेच्या दीपमाळांपाशी हात जोडतात आणि जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये क्षणभर स्तब्ध उभी राहतात. या साऱ्या ठिकाणांना जोडणारी एक साधी वाट मात्र त्या वर्णनांत क्वचितच सापडते. ती सायकलच्या दोन चाकांची वाट आहे. उजाडता उजाडता आणि पुन्हा दुपार कलल्यावर वाड्यावाड्यांतून रबरी फुग्याचा भोंगा वाजतो. दारे उघडतात, कोणी कापडी पिशवी पुढे करते, कोणी खिडकीतूनच आकडा सांगते. सायकलच्या मागे रुंद टोपली असते, टोपलीवर निळे प्लास्टिक असते, आणि ते बाजूला सारताच भाजलेल्या पिठाचा ऊबदार वास अंगणभर पसरतो. पोदेर आलेला असतो. पूर्वी भोंग्याऐवजी चकत्या लावलेली काठी आपटीत तो येत असे. मारिओ मिरांडा यांनी रेखाटलेल्या गोव्यातही हा पोदेर भेटतो, कारण त्याच्यावाचून गोव्याच्या गावाचे चित्र पुरे होतच नाही.

हा पाव मूळचा आपल्या मातीतला नव्हे. कोकणपट्टी भाताची. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात स्थिरावले ते गव्हाच्या रोटीची सवय घेऊन. त्यांच्या भाषेतील 'पांव' या शब्दाचा आपण 'पाव' केला आणि पाव भाजणारा जो 'पादेयरु', त्याचा 'पोदेर' झाला. पायांनी कणीक तुडवतात म्हणून 'पाव', अशी जी व्युत्पत्ती आपल्याकडे चवीने सांगितली जाते, तिला आधार नाही. साष्टीतील माजोर्डा येथील ख्रिस्ती कुटुंबांना जेझुइट पाद्रींनी ही कला शिकविली आणि तेथून ती गोवाभर पसरली, अशी परंपरागत हकीकत आहे. पीठ फुगविण्यासाठी युरोपातील आंबवण येथे मिळत नव्हते. तेव्हा माडाची सूर उपयोगात आली. रेंदेराने माडावर चढून सूर उतरवायची आणि पोदेराने तीत पीठ भिजवायचे, अशी ही दोन धंद्यांची जोडी पुढे पिढ्यानपिढ्या चालली. याच साष्टीतले पोदेर पुढे मुंबईस गेले आणि त्यांनी तेथील गल्ल्यांतून भट्ट्या पेटविल्या.

आजवर आम्ही या पावाकडे खाणाऱ्याच्या नजरेने पाहत आलो. विकणाऱ्याच्या नजरेने त्याकडे पाहण्याचा योग अलीकडे आला, आणि त्याला निमित्त झाला आमचा भाचा. आठ वर्षे तो बोटीवर स्वयंपाकी होता. गाठीस चार पैसे जमताच तो गावी परतला आणि कोलव्याच्या रस्त्यावर दहा मेजांची एक लहानशी खानावळ त्याने भाड्याने घेतली. तेथे तो बर्गर विकणार होता. तवा आला होता, माशाच्या कटलेटांची चव जमली होती, आळसाण्यांच्या टिक्कीवर घरच्या स्त्रियांची मोहोर उमटली होती. पाव तेवढा ठरावयाचा राहिला होता. एका पुरवठादाराने आठवड्यातून तीनदा पाकीटबंद बन पोचविण्याची तयारी दाखविली होती, आणि दरही मोहात पाडणारा होता.

"मामा, पावात एवढे पाहायचे तरी काय? सारी चव तर आतल्या कटलेटात," भाचा म्हणाला.

प्रश्न वरवर साधा होता. परंतु त्यात त्याची आठ वर्षांची पुंजी अडकलेली होती. तेव्हा एका शुक्रवारी आम्ही मामा-भाचे पणजीहून निघालो. पावाची वाट धरून गोव्याचा एक फेरा करावा आणि मगच काय ते ठरवावे, असे मनाशी योजले होते.

बर्गर म्हणजे काय, हे आता कोणास सांगावे लागत नाही. मॅक्डोनल्ड्सची पहिली दुकाने दिल्ली-मुंबईत १९९६ साली उघडली आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत हा पदार्थ तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९६६ च्या सुमारास, दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला असे मानले जाते. आणि गोव्याच्या गाड्यांवर कटलेट-पाव तर पूर्वीपासूनच आहे. पाव चिरावा, आत तळलेले किंवा भाजलेले काही घालावे, आणि हातात धरून उभ्याउभ्या खावे, ही कल्पना आपल्या परिचयाचीच. म्हणूनच बर्गरचा पाव शोधण्यासाठी परदेशी पुस्तक उघडण्याआधी आपलीच टोपली उघडून पाहावी, असे आम्हांस वाटले.

पहिला मुक्काम पणजीतल्या एका भाजी-पावाच्या हॉटेलात झाला. सकाळच्या सातच्या सुमारास अशा हॉटेलांत बसावयास जागा मिळणे कठीण. एका मेजावर कोर्टातले वकील, शेजारी बँकेचे कारकून, समोर मासळीबाजारातून परतलेले गृहस्थ. साऱ्यांच्या पुढ्यात सुकी भाजी, पातळ भाजी किंवा कडधान्याचे तोणाक, आणि बशीत दोन पाव. घाटावरून आलेल्या पाहुण्याला वाटते की येथे भाजी महत्त्वाची. परंतु आम्ही खाणाऱ्यांचे हात पाहत बसलो. प्रत्येकाने आधी पाव दाबला. कोणी तो हलकेच फाडून पाहिला, आणि मगच तुकडा रश्शात बुडविला. पावाने रस्सा प्यावा, पण विरघळू नये. बोटांतून उचलला की त्याचा आकार टिकावा. ही परीक्षा येथे रोज सकाळी शेकडो माणसे न बोलता घेतात. गल्ल्यावरच्या गृहस्थांस आम्ही विचारले, "पाव बदलला तर गिऱ्हाईक ओळखते काय?" ते म्हणाले, "भाजीत मीठ कमी पडले तर सांगून जाते. पाव शिळा असला तर काही न सांगता जाते."

पैसे देऊन बाहेर पडेपर्यंत हे वाक्य आमच्या मनात घोळत राहिले. आज ज्या हॉटेलांत सारा समाज शेजारी बसून पाव खातो, त्याच समाजातील हिंदू घरांत एके काळी पावाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत प्रवेश नव्हता. विहिरीत पावाचा तुकडा टाकून अख्खे गाव बाटविल्याच्या कथा गोव्यात आणि वसईतही पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. त्यात सुरेचे आंबवण म्हटल्यावर सोवळ्याचा प्रश्नच मिटला. ज्या पावाने माणसे दुरावली असे म्हणतात, त्याच पावाने पुढे सकाळच्या मेजावर त्यांना एकत्र बसविले. कोणत्या सभेने हे ठरविले नाही. कोणी ठरावही केला नाही. भूक लागली, वास आला आणि अंतर मिटले.

पणजीहून म्हापसे तेरा-चौदा किलोमीटरांवर आहे. शुक्रवारचा बाजार भरलेला होता. मिरच्यांच्या राशी, मातीची भांडी, सुक्या मासळीचा उग्र दर्प, दोरीला ओवून टांगलेल्या चोरिसांच्या तांबड्या माळा, हे सर्व ओलांडून आम्ही पाव विकणाऱ्या बायकांच्या रांगेशी आलो. येथे गोव्याची सारी पावसंपदा एका नजरेत दिसते.

नुसता 'पाव' म्हणतात तो मऊ, चौकोनी, शेजाऱ्याला चिकटून भाजलेला. त्याला वरचे कवच आहे, पण कडांना नाही. 'उंडो' गोल, वर खाच असलेला, बाहेरून चांगलाच टणक. 'पोळी' किंवा 'पोयी' म्हणतात ती घाटावरची पोळी नव्हे. ती कोंड्यात घोळलेली, चपटी, आतून पोकळ, पिशवीसारखी. 'कातरो पाव' कातरीने कापून फुलपाखरासारखा आकार दिलेला. आणि 'कांकण' ही तर खरोखरच बांगडी, कोरडी आणि कुरकुरीत, चहात बुडविण्यासाठी जन्मास आलेली. जवळजवळ एकाच पिठापाण्यातून हे इतके प्रकार निघतात. फरक असतो तो आकाराचा, कोंड्याचा आणि भट्टीत घालविलेल्या वेळेचा.

एका वयस्क विक्रेतीला भाच्याने सरळच विचारले, "मावशी, कटलेटाला यातला कुठला पाव चांगला?"

"कटलेट कोरडे की रसाचे?" तिने उलट विचारले. "रस असला तर उंडो घे. सुके असले तर पाव. आणि पोटभर सारण घालायचे असले तर पोळीसारखी पिशवी दुसरी नाही. पाव कसला ते विचारण्याआधी आत काय घालणार ते सांगावे, बाबा."

बर्गरविषयी जे जाडजूड ग्रंथ लिहिले जातात, त्यांतील पहिले प्रकरण या बाईने तीन वाक्यांत सांगून टाकले. तिने आणखी एक गोष्ट दाखविली. पावाच्या मध्यभागी अंगठा दाबून तिने तो उचलला. खळगा हळूहळू भरून आला. "हा सकाळचा," ती म्हणाली. दुसऱ्या टोपलीतला एक पाव तिने तसाच दाबला; खळगा तसाच राहिला. "हा कालचा. हा आम्ही जनावरांना देतो." पावात पाण्याचा अंश आणि पिठातील ग्लुटेन नावाचा चिवट भाग या दोहोंनी मिळून जी जाळी बनते, तिची लवचिकता ती अंगठ्याने मोजत होती.

म्हापशाहून मागे फिरून, पणजी ओलांडून आम्ही दक्षिणेस वळलो. झुआरीवरील नवा पूल २०२२ च्या डिसेंबरात वाहतुकीस खुला झाल्यापासून साष्टी पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. मडगावच्या बाजारात भाच्याने मैदा, लोणी आणि अंडी यांचे भाव टिपून घेतले. त्याच्या मनात अजून बोटीवरचा तो अंडी-लोण्याचा, किंचित गोड, सोनेरी पाठीचा फ्रेंच पद्धतीचा पाव होता. तेथून माजोर्ड्याच्या परिसरातील एका भट्टीवर पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले.

भट्टी म्हणजे जांभ्या दगडाची घुमटाकार खोली. तोंड लहान, पोट मोठे. आत लाकडे पेटवून भिंती आणि फरशी तापवायची, निखारे ओढून बाजूला करायचे, राख पुसायची, आणि मग लांब दांड्याच्या फळीवरून गोळे आत सरकवायचे. उष्णता वरून, खालून आणि भिंतींतून एकदमच येते. म्हणून पाव झपाट्याने फुगतो, त्याचे कवच खरपूस होते आणि गर ओलसर राहतो. विजेच्या भट्टीतही चांगला पाव होतो. पण दगडाने साठविलेली ही ऊब तिला सहजी साधत नाही. पिठाच्या पोत्यांशेजारी तिघे तरुण गोळे वळीत होते. ते शेजारच्या कर्नाटकातून आलेले. आपसांत कन्नड बोलत, धन्याशी कोकणी. भट्टीचे मालक सत्तरी ओलांडलेले ख्रिस्ती गृहस्थ. त्यांची दोन्ही मुले परदेशी. साष्टीतल्या कित्येक भट्ट्यांची हीच कहाणी आहे: दगड आजोबांचे, हात परगावचे, आणि पुढची पिढी विमानात.

"सूर वापरता का, अंकल?" भाच्याने विचारले.

"माझे वडील वापरीत," म्हातारे म्हणाले. "सुरेचा पाव सावकाश फुगायचा, त्याला वास निराळा. आता माडावर चढणारा कुठे आहे? यीस्ट घालतो. पण घाई करीत नाही. यीस्ट वाढविले की पाव दोन तासांत तयार होतो आणि दोन तासांतच शिळा लागतो."

या म्हाताऱ्या वाक्यामागे शास्त्र आहे. पीठ सावकाश आंबले की त्यात आम्ल व सुगंधी द्रव्ये तयार होतात, जाळी बळकट होते आणि पाव अधिक टिकतो. घाईने फुगविलेला पाव म्हणजे बव्हंशी हवा. पाव मोठा दिसतो म्हणून स्वस्त वाटतो. तराजूत टाकला की खरे वजन कळते. पिठाला कृत्रिम बळ देण्यासाठी पूर्वी कित्येक ठिकाणी पोटॅशियम ब्रोमेट घालीत. २०१६ साली भारत सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यावर बंदी घातली. म्हणून कोणाकडूनही पाव घेताना पिठात काय काय घालता, हे विचारण्यात संकोच मानू नये. म्हाताऱ्यांनी बोटे मोडून सांगितले, "मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, चिमूटभर साखर. पोळीला कोंडा." आणखी काही आठवते का, म्हणून ते क्षणभर थांबले, आणि हसून म्हणाले, "आणि लाकूड."

पाच वाजता सायकली निघावयाच्या होत्या. त्याआधी आम्ही भट्टीतला उंडो, पाव आणि पोळी घेतली. भाच्याने पाकीटबंद बन आधीच आणून ठेवले होते. लोणी-अंड्याचा पाव त्याने स्वतः भाजला होता. संध्याकाळी खानावळीच्या रिकाम्या स्वयंपाकघरात पाच पाव आणि तीन सारणे यांची गाठ घालून देण्यात आली: रव्यात घोळलेले माशाचे कटलेट, आळसाण्यांची टिक्की आणि मसालेदार रसात मुरलेला कोंबडीचा खिमा. चाखावयास शेजारची चार मंडळी बोलावली होती. पाव कुठला, हे त्यांना सांगितले नव्हते.

पाकीटबंद बन दिसावयास सर्वांत देखणा. पाठ गोल, वर तीळ, आकारात तिळाइतकाही फरक नाही. कोरड्या टिक्कीशी त्याने बरे जमवून घेतले. पण खिमा घालून दहा मिनिटे ठेवताच त्याचा तळ ओला कागद व्हावा तसा झाला, आणि घास तोंडाशी नेईपर्यंत निम्मे सारण बशीत. लोणी-अंड्याचा पाव मऊ, सुवासिक. कोंबडीशी त्याची जोडी उत्तम. मात्र माशाच्या कटलेटातील कोकमाच्या आंबटपणाशी त्याची गोडी भांडू लागली, आणि खर्च तर सर्वांहून अधिक. उंड्याने रस उत्तम पेलला. परंतु कटलेट घालून चावताच वरच्या कठीण कवचाने दाब दिला आणि कटलेट मागल्या बाजूने निसटले. बर्गरचा पाव दातांखाली सहज तुटला पाहिजे. तो आतल्या जिनसापेक्षा कठीण असला की जिन्नस पळून जातो. चौकोनी पावाची चव सर्वांना आवडली. पण तो लहान, त्यात टिक्की दोन्हीकडून डोकावू लागली. पोळीच्या पोकळीत आळसाण्यांची टिक्की, काकडी, कांदा आणि चटणी भरली तेव्हा मात्र सर्वांचे बोलणेच थांबले. काही सांडले नाही, काही निसटले नाही, आणि कोंड्याच्या खमंगपणाने कडधान्याची चव खुलली.

येथे रुंदीचीही गोष्ट सांगितली पाहिजे. मांसाची टिक्की तव्यावर आकसते. म्हणून ती पावापेक्षा थोडी रुंद थापावी लागते. कडधान्याची वा माशाची फारशी आकसत नाही. ती पावाएवढीच हवी. पाव कापल्यावर आतली बाजू लोणी लावून तव्यावर भाजून घ्यावी. स्निग्धतेचा आणि खरपूसपणाचा तो पातळ थर रसाला थोपवून धरतो. आणि पाव ताजा राहावा म्हणून तो शीतकपाटात ठेवू नये. तेथील थंडीत पिठूळ भाग लवकर आळतो आणि पाव बाहेर राहण्यापेक्षा वेगाने शिळा होतो. ठेवायचाच तर हवाबंद करून गोठवावा, नाहीतर स्वच्छ कापडाखाली ठेवून त्याच दिवशी संपवावा. पावसाळ्यात आमच्याकडची हवा इतकी दमट असते की खरपूस कवच थोड्याच वेळात मऊ पडते. त्या महिन्यांत तव्यावर भाजण्याला पर्याय नाही.

रात्री मेजावर वही उघडली. खरी कसोटी तेथेच होती, कारण चवीवर सर्वांचे एकमत झाले तरी भाडे चवीने भरता येत नाही. आकडे उदाहरणादाखल घेऊ. पाकीटबंद बन आठ रुपयांना आणि भट्टीत मुद्दाम भाजवून घेतलेला पाव बारा रुपयांना मिळतो, असे समजा. बर्गरची किंमत एकशे ऐंशी. दिवसास साठ बर्गर विकले तर पावापायी दोनशे चाळीस रुपये अधिक जातात. महिन्याचा आकडा पाहून भाच्याच्या कपाळावर आठी पडली. पण उलट बाजूने पाहा. सारा माल वजा जाता एका बर्गरमागे ऐंशी रुपये उरत असतील, तर हे दोनशे चाळीस रुपये दिवसाला केवळ तीन बर्गर जास्त खपल्याने भरून निघतात. चांगल्या पावासाठी तीन माणसे परत आली, किंवा वाईट पावापायी तीन माणसे न बोलता निघून गेली नाहीत, तरी हिशेब जुळला. पणजीच्या गल्ल्यावरचे वाक्य आता आकड्यांत दिसू लागले.

त्याहून मोठा चोर मात्र दरात नसतो, तो उरलेल्या पावांत असतो. बारा रुपयांचे सत्तर पाव घेतले आणि छप्पनच खपले, तर आठशे चाळीस रुपये छप्पनांवर पडले. म्हणजे पाव बारा रुपयांचा नव्हे, पंधराचा झाला. स्वस्त दर मिळविण्यासाठी जो घासाघीस करतो आणि चौदा पाव रोज फेकतो, तो कवडी वाचवून रुपया घालवितो. येथे पोदेराची जुनी चाल अचानक अतिशय आधुनिक वाटू लागली. आठवड्यातून तीनदा येणाऱ्या पाकिटाचा अंदाज दोन-तीन दिवस आधी करावा लागतो. पोदेर दिवसातून दोनदा येतो. दुपारच्या जेवणाला सकाळचा पाव, रात्रीच्याला संध्याकाळचा. आणि दुसऱ्या भट्टीचे पीठ मळण्याआधी निरोप दिला की दिवसाची गर्दी पाहून आकडा कमी-जास्त करता येतो. शनिवारी वाढवावा, पावसाच्या सोमवारी घटवावा. तरीही उरलेच तर ते भिजवून कटलेटाच्या सारणात जातात, वाळवून चुरा होतो, अंडी-दुधात पुडिंग होते. ताजा म्हणून मात्र ते कोणाच्या बशीत जाता कामा नयेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या भट्टीवर गेलो. ठरले ते असे: आळसाण्यांच्या टिक्कीसाठी पोळी, खिम्यासाठी उंडो, पण नेहमीपेक्षा थोडा लवकर काढलेला, म्हणजे कवच पातळ राहील, आणि कटलेटासाठी पावाच्याच पिठात थोडे लोणी घालून वळलेला रुंद, गोल पाव, सुटा भाजलेला. वजन प्रत्येकी तेवढेच, रुंदी तेवढीच. कारण खानावळीत आज थोरला आणि उद्या धाकटा पाव चालत नाही. म्हाताऱ्यांनी मापासाठी तव्यावरची कडी मागून घेतली आणि ती खुंटीला अडकवून ठेवली.

बोलता बोलता कळले की दुपारची दुसरी भट्टी बंद करावी असे त्यांच्या मनात होते. लाकूड महाग, मैदा महाग, आणि पावाचा भाव एक रुपयाने वाढविला तरी वृत्तपत्रांत मथळे येतात. घरोघरची गिऱ्हाइकेही पूर्वीएवढी संध्याकाळी दारात येत नाहीत. दगड एकदा तापविला की त्यात पन्नास पाव भाजा की पाचशे, लाकूड जवळजवळ तेवढेच लागते. तेव्हा भाच्याच्या रोजच्या साठ-सत्तर पावांचे महत्त्व त्यांच्याही वहीत होते. आजूबाजूच्या आणखी दोन खानावळींनी असेच ठरविले, तर दुसरी भट्टी आणखी काही वर्षे पेटती राहील, आणि तिच्या जोरावर गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या दारीही संध्याकाळचा भोंगा वाजेल. एखाद्या परंपरेचे रक्षण भाषणांनी होते असे आम्हांस कधी वाटले नाही. ते नियमाने दिलेल्या मागणीने आणि वेळेवर चुकविलेल्या बिलाने होते.

घरी पाहुण्यांसाठी पाव आणणाऱ्या आमच्या वाचक भगिनींनाही यातून घेण्यासारखे आहे. पाव हा पदार्थाचा सर्वांत स्वस्त भाग असतो. म्हणूनच आपण त्याचा विचार सर्वांत शेवटी करतो. पण हात प्रथम त्याला लागतो, ओठ प्रथम त्याला लागतात, आणि आतले सारे श्रम तोंडापर्यंत नेण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. आत काय घालणार, किती वेळाने खाणार आणि तो कधी भाजला, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावी. भाव चौथा विचारावा.

निघताना भाच्याने आगाऊ रक्कम पुढे केली. म्हाताऱ्यांनी ती मोजली, निम्मी परत केली आणि एकच अट घातली. "बाबा, माझा पाव उरला तर त्याचे काय वाटेल ते कर. पण दुसऱ्या दिवशी तो पोदेराचा ताजा पाव म्हणून कोणाला देऊ नको." भाच्याने मान डोलावली आणि संध्याकाळचा आकडा सांगितला. आत कोणीतरी लाकडाचा नवा ओंडका भट्टीच्या तोंडाशी आणून ठेवला.